कोठडीतला मार चौकात मांडताना

पोलीस कोठडीत मारहाण होते तेव्हा तिथे तिसरा माणूस नसतो. मारणारा असतो, मार खाणारा असतो आणि स्टेशन डायरी असते. ती लिहिणारा मारणाऱ्याचाच सहकारी. सुटून आलेल्याच्या पाठीवरचे वळ काही दिवसांत जातात, पण ‘काहीतरी केलंच असेल, उगाच कोण मारतं?’ हा आजूबाजूचा सूर जात नाही. मार एकदाचा असतो, हा संशय रोजचा. म्हणून अशा माणसाला सावरणं आणि त्याला न्याय मिळवून देणं ही मला दोन वेगळी कामं वाटत नाहीत. जिथे साक्षीदार नव्हता तिथे समाजाने साक्षीला उभं राहायचं, इथूनच दोन्ही सुरू होतात.

फेब्रुवारी 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर या तरुणाला पोलिसांनी त्याची बायको श्यामली हिच्यादेखत उचललं. काही दिवसांत तो कैदेत मेला. आत्महत्या केली, असं सांगण्यात आलं. खेडिया शबर ही इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी एक. तिच्यातल्या माणसाचा मृत्यू इतक्या एका वाक्यात मिटतो, हा तोवरचा अनुभव. पण या वेळी गावाने एक गोष्ट केली. देह जाळला की पुरावाही जळणार, हे ओळखून लोकांनी बुधनला त्याच्या घराच्या जमिनीतच पुरलं आणि पोलिसांना दाखवायला गवताचा पुतळा जाळला. देह राहिला म्हणून दुसऱ्यांदा शवविच्छेदन झालं, लेखिका महाश्वेता देवी आणि शबरांची संघटना कलकत्ता उच्च न्यायालयात उभी राहू शकली आणि त्याच वर्षी न्यायालयाने सीबीआय चौकशीचा व श्यामलीला भरपाई देण्याचा आदेश दिला. न्यायालयाचं श्रेय न्यायालयाला आहेच. पण त्या निकालाची पहिली ओळ एका झोपडीच्या मातीत लिहिली गेली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

ही हकिगत अहमदाबादच्या छारानगरात पोचली ती नाटक होऊन. छारा म्हणजे महाराष्ट्रातल्या कंजारभाटांचे सोयरे; बोली एक, इतिहासही एक. 1871 मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांना तारेच्या कुंपणात, हजेरीच्या शिस्तीत कोंडलं. सोलापुरात आजही लोक ज्याला नुसतं ‘सेटलमेंट’ म्हणतात, तसंच तिथलं. महाश्वेता देवी, भाषाभ्यासक गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी 1998 मध्ये विमुक्तांच्या, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, हक्कांसाठी गट उभारला, आणि त्या वर्षीच्या 31 ऑगस्टला, विमुक्त दिनी, छारा तरुणांनी ‘बुधन’ हे नाटक केलं. गटाचं नावही मग बुधन थिएटर झालं. या नाटकात बारकाईने पाहण्याजोगी जागा म्हणजे पोलिसाची भूमिका. तीही छारा पोरगाच करतो. दारूच्या छाप्यात दार कसं वाजतं, कॉलर कुठे धरतात, प्रश्न विचारण्याआधी आवाज कसा चढतो, हे त्याला कुठल्या शिबिरात शिकावं लागत नाही. लहानपणी दाराआडून पाहिलेला मार तो स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर, संथपणे उलगडतो. समोर बसलेली म्हातारी ते पाहते तेव्हा तिला प्रथमच कळतं की हे आपल्या एकटीच्या घरात घडलं नव्हतं. लाज तिथे सैल होते. या गटाने पुढे ‘पिन्या हरी काळे’ याचं मरणही मांडलं. तो बारामतीचा पारधी. 1998 मध्येच पोलिसांच्या ताब्यात असताना मेला.

यावर एक आक्षेप रास्त आहे: जखम पुन्हा पुन्हा उघडून ती भरते का? ज्याच्यावर गुदरलं त्यालाच दरवेळी उभं करून सांगायला लावलं, तर नाही भरत. चौकशीच्या नावाखाली आपल्याकडे हेच चालतं. फौजदार, डॉक्टर, वकील, पत्रकार, प्रत्येकाला पहिल्यापासून जबाब हवा असतो. नाटकात ते ओझं दुसरा उचलतो, आणि सोसलेल्याला गप्प बसायची मुभा राहते. ही मुभा फार जपायला हवी. दुसरा आक्षेप, नाटक म्हणजे काही न्याय नव्हे. खरंच नव्हे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही, अटकेबाबतचे डी. के. बसू खटल्यातले नियम 1996 पासून आहेत आणि कोठडीतली मरणं थांबलेली नाहीत. ही कामं सरकारचीच आहेत. तिसरा आक्षेप कुजबुजत घेतला जातो: हे लोक गुन्हे करतातच ना? छारानगरात दारू गाळली जाते, हे तिथले कलावंतही लपवत नाहीत. पण दारू गाळण्याची शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे आणि तिच्यात पट्टा नाही. शिवाय एकाच्या भट्टीसाठी अख्ख्या वस्तीला झोडपायचं, हा 1871 चाच कायदा झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तकांतला विमुक्तांवरचा हा जन्मजात शिक्का घटनाबाह्य ठरवला. तेवढ्यालाही तो कायदा रद्द झाल्यापासून 72 वर्षं लागली.

जुलै 2018 मध्ये पोलीस रात्री छारानगरात शिरले. गाड्या फोडल्या, माणसांना मारलं. नाटकं करून वीस वर्षं झाली तरी हे थांबलं नाही, असं कुणी म्हणेल. पण त्या रात्री मार खाल्लेल्यांत वकील होते, वृत्तपत्राचा छायाचित्रकार होता, आणि ते वस्तीतलेच होते. बुधनच्या वेळी शबरांची बाजू न्यायालयात मांडायला बाहेरून महाश्वेता देवींना यावं लागलं होतं. इथे अंगावरचे वळ, फुटलेल्या काचा आणि नावं वस्तीने स्वतः नोंदवली, स्वतःच्या अक्षरात.