मंगळावरचे फोटो वाचायचे कसे? भंडाऱ्याच्या मँगनीजवरून समजून घ्या

मे २०२२ मध्ये मंगळावरचा एक फोटो जगभर व्हायरल झाला. खडकात सरळ कडांचा, आत अंधार असलेला एक 'दरवाजा' दिसत होता. कोणी म्हटलं एलियनचं घर, कोणी म्हटलं भुयार. फोटो शंभर टक्के खरा होता. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने तो ७ मे रोजी काढला होता. फक्त एक गोष्ट फॉरवर्ड करताना गळून गेली. त्या 'दरवाजा'ची उंची होती साधारण ३० सेंटीमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढी. खडकाला गेलेल्या भेगा एकमेकींना छेदतात, मधला तुकडा निखळतो आणि अशी खाच तयार होते.

खोटे फोटो तर फिरतातच, पण खरा फोटोही चुकीचा वाचला जाऊ शकतो. आणि तो बरोबर वाचायला शिकणं वाटतं तितकं अवघड नाही.

फोटो येतात कसे?

मंगळावर सध्या नासाचे दोन रोव्हर काम करत आहेत. क्युरिऑसिटी ६ ऑगस्ट २०१२ रोजी गेल विवरात उतरला. पर्सिव्हरन्स १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरला, तेव्हा आपल्याकडे १९ तारखेची पहाट व्हायची होती. पर्सिव्हरन्सवर एकूण १९ कॅमेरे आहेत. काही रस्ता पाहायला, काही दूरचे डोंगर टिपायला, काही दगड अगदी जवळून बघायला.

रोव्हर बहुतेक फोटो थेट पृथ्वीवर पाठवत नाही. मंगळाभोवती फिरणारी यानं डोक्यावरून जातात, तेव्हा तो माहिती त्यांच्याकडे देतो. तिथून ती कॅलिफोर्निया, स्पेन आणि ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या अँटेनांवर येते. मंगळ किती लांब आहे त्यानुसार या सिग्नलला ३ ते २२ मिनिटं लागतात.

यानंतरची गोष्ट अनेकांना माहीत नसते. हे कच्चे फोटो नासा आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी टाकतं. पैसे नाहीत, परवानगी नाही. भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातल्या सानगडीत बसून मोबाईलवर तुम्ही असा फोटो उघडला, तर त्यावर शास्त्रज्ञांनी अजून एक ओळही लिहिलेली नसते.

हौशी लोक यात काय करतात?

बरंच काही. रोव्हर एका वेळी छोटासा तुकडा टिपतो. हौशी मंडळी असे तुकडे जोडून मोठी दृश्यं तयार करतात. रोव्हरच्या 'सेल्फी'त तो धरणारा हात दिसत नाही, त्याचं कारणही हेच. डझनावारी फोटो जोडताना हात ज्या भागात येतो तो भाग वगळला जातो.

पर्सिव्हरन्स उतरला तेव्हा त्याच्या पॅराशूटवर नारिंगी आणि पांढऱ्या पट्ट्यांची विचित्र नक्षी होती. यात एक संदेश आहे, एवढाच इशारा अभियंत्यांनी दिला. काही तासांत लोकांनी तो उलगडला. पट्ट्यांमध्ये शून्य-एकच्या सांकेतिक भाषेत मोठं धाडस करण्याचं आवाहन आणि रोव्हर बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले होते.

भारतातलं उदाहरण चंद्राचं आहे. २०१९ मध्ये विक्रम लँडर कोसळल्यावर नासाच्या यानाने त्या भागाचे फोटो खुले केले. चेन्नईचे अभियंता षण्मुग सुब्रमण्यम यांनी जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवून बारकाईने तपासले, वेगळा दिसणारा एक ठिपका शोधला आणि नासाला कळवलं. डिसेंबर २०१९ मध्ये नासाने तो विक्रमचाच अवशेष असल्याचं जाहीर केलं आणि श्रेय त्यांना दिलं.

मग फोटो पाहिला की सगळं कळतं का?

नाही. आणि हे समजायला भंडारा जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही.

साकोलीच्या नावाने भूशास्त्रात खडकांचा एक समूहच ओळखला जातो. उत्तरेला तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. त्या नागपुरात मुख्यालय असलेली 'मॉयल' ही सरकारी कंपनी चालवते. या पट्ट्यातल्या मँगनीजच्या एका खडकाला इथल्या गोंड समाजावरून 'गोंडाइट' हे नाव पडलं आणि ते जगभर वापरलं जातं.

आता समजा, मँगनीजचा काळा दगड आणि पश्चिम महाराष्ट्रातला काळा बेसाल्ट या दोघांचे फोटो तुमच्यासमोर ठेवले. नुसत्या फोटोवरून कोणता कुठला हे सांगणं कठीण. हातात घेतला तर वजनावरून अंदाज येईल, प्रयोगशाळेत नेला तर खात्री होईल.

मंगळावर नेमकं हेच घडलं. गेल विवरात 'किम्बर्ली' नाव दिलेल्या जागी वाळूच्या खडकाच्या भेगांमध्ये काळपट पदार्थ भरलेला दिसला. फोटोत ती फक्त काळी रेघ होती. मग रोव्हरने त्यावर लेझर मारला. क्युरिऑसिटीचा हा लेझर ७ मीटरपर्यंतच्या दगडाचा सूक्ष्म कण जाळून त्याची ठिणगी करतो. ठिणगीच्या प्रकाशावरून त्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखता येतं. दिवाळीच्या फटाक्यात बेरियम हिरवं आणि स्ट्रॉन्शियम लाल जळतं, तोच नियम. त्या काळ्या रेघेत २५ टक्क्यांहून जास्त मँगनीज ऑक्साइड निघालं.

मँगनीज सापडलं तर एवढं काय?

पृथ्वीवर मँगनीज ऑक्साइडचे मोठे साठे तयार व्हायला साधारणपणे दोन गोष्टी लागतात: पाणी आणि भरपूर ऑक्सिजन. सूक्ष्मजीवही या कामात मदत करतात. भंडारा-बालाघाट पट्ट्यातलं मँगनीजही अतिप्राचीन समुद्राच्या गाळात साठलं, नंतर उष्णता आणि दाबाने त्याचं रूप बदललं.

म्हणून २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी शक्यता मांडली की एकेकाळी मंगळाच्या हवेत आजच्यापेक्षा जास्त ऑक्सिजन असावा. २०२४ मध्ये त्याच विवरातल्या जुन्या तळ्याच्या काठच्या खडकांतही भरपूर मँगनीज असल्याचं प्रसिद्ध झालं. पण याच्या मधल्या काळात दुसऱ्या प्रयोगांनी दाखवलं, की मंगळावर मिळणारे क्लोरिन आणि ब्रोमिनचे काही क्षार ऑक्सिजनशिवायही हे काम करू शकतात. म्हणजे पाणी होतं हे नक्की, ऑक्सिजन किती होता यावर वाद सुरू आहे.

मग 'मंगळावर जीवसृष्टी सापडली' ही बातमी?

जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हरन्सला एका दगडावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके दिसले. दगडाला 'चेयावा फॉल्स' हे नाव मिळालं. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याचा अभ्यास आला. या ठिपक्यांत लोहाची अशी खनिजं असावीत, जी पृथ्वीवर अनेकदा सूक्ष्मजीवांमुळे चिखलात तयार होतात. मात्र ती जिवाशिवायही बनू शकतात. म्हणून शास्त्रज्ञांनी शब्द वापरला 'संभाव्य खूण'. अनेक मथळ्यांतून 'संभाव्य' गळलं.

खात्री करायची तर तो दगड पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत यायला हवा. त्याचा नमुना रोव्हरने नळीत भरून ठेवलाय. पण तो आणण्याची मोहीम खर्चापायी अडली आहे. त्यामुळे उत्तर मिळायला बराच काळ लागू शकतो. तोवर अफवांना मोकळं रान आहे.

पुढचा व्हायरल फोटो आला की काय पाहायचं?

एक, फोटोसोबत रोव्हरचं नाव, कॅमेरा आणि 'सोल' आहे का? सोल म्हणजे मंगळाचा दिवस, २४ तास ३९ मिनिटांचा. रोव्हर उतरल्यापासून ते मोजले जातात. हा आकडा असेल तर मूळ फोटो नासाच्या साइटवर दोन मिनिटांत सापडतो.

दोन, मोजमाप काय? ३० सेंटीमीटरचा दरवाजा आठवा.

तीन, त्याच जागेचा दुसरा फोटो कसा दिसतो? १९७६ मध्ये व्हायकिंग यानाला मंगळावर माणसाचा 'चेहरा' दिसला होता. २००१ मध्ये जास्त स्पष्ट फोटो आला, तेव्हा ती साधी टेकडी निघाली.

चार, रंग कोणते? अनेकदा खडक ओळखायला सोपे जावेत म्हणून रंग पृथ्वीवरच्या उजेडासारखे केलेले असतात. त्यामुळे निळसर दगड म्हणजे पाणी नव्हे. मात्र मंगळावर मावळत्या सूर्याभोवती दिसणारा निळा उजेड खरा आहे. तिथल्या बारीक धुळीमुळे तो तसा दिसतो.

पाच, हे कोणी सांगितलं आणि कशावरून? फक्त डोळ्यांनी पाहून, की उपकरणाने तपासून?

काळा दगड दिसला म्हणून डोंगरी बुजुर्गच्या खाणीत कोणी त्याला लगेच मँगनीज म्हणत नाही, आधी तो तपासतात. मंगळाच्या फोटोलाही तोच नियम लावा. फॉरवर्ड करण्याआधी मूळ फोटो एकदा उघडून बघा. बहुतेक वेळा तो व्हायरल दाव्यापेक्षा जास्त रंजक निघतो.