जुन्या पिकअपला मोठी डिझेल टाकी बसवताय? आधी हे गणित करा

समजा, जालन्यातील मस्तगडमधून रात्री दहाला मोसंबी भरलेली एक जुनी पिकअप मुंबईकडे निघाली. सकाळच्या बाजाराला माल पोहोचला पाहिजे. टाकी ५५ लिटरची, गाडी लिटरला १२ किलोमीटर देते. काटा खाली आला की चालकाची नजर रस्त्यापेक्षा पंपाच्या पाटीकडे जास्त. अशा एखाद-दोन फेऱ्या झाल्या की मालकाच्या डोक्यात विचार येतो, ‘मोठी टाकीच बसवून टाकू!’

विचार चुकीचा नाही. पण टाकी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा नव्हे. तिच्याशी इंजिन, ब्रेक, विमा आणि कायदा असे सगळेच जोडलेले असते. म्हणून वेल्डरकडे जाण्याआधी काय तपासायचे, ते समजून घेऊ.

मोठ्या टाकीची मागणी का वाढते?

पहिले कारण लांब पल्ला. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. जालना याच मार्गावर आहे. सुरुवातीच्या काळात या रस्त्यावर पंप आणि सुविधा कमी असल्याच्या तक्रारी होत्या. द्रुतगती मार्गावर डिझेल संपून गाडी कडेला उभी राहणे म्हणजे नुसता खोळंबा नाही. मागून येणारे भरधाव वाहन धडकण्याचा धोका असतो.

दुसरे कारण टंचाईची भीती. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ‘हिट अँड रन’च्या नव्या तरतुदीविरोधात वाहनचालकांनी संप केला. टँकर थांबले आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. त्या रांगेत उभे राहिलेले मालक ते दिवस विसरलेले नाहीत.

तिसरे कारण दरातील फरक. शेजारच्या राज्यात स्वस्त मिळाले तर टाकी भरून घ्यायची, असा हिशेब असतो.

खरंच गरज आहे का?

५५ लिटरपैकी ७ लिटर राखीव ठेवले तर उरतात ४८ लिटर. १२ च्या सरासरीने ५७६ किलोमीटर. जालना ते मुंबई अंतर साधारण ४०० किलोमीटर. म्हणजे एका बाजूचा प्रवास कंपनीच्या टाकीत आरामात होतो. परतीसाठी एकदा पंपावर थांबावे लागते, इतकेच. १०० लिटरची टाकी असेल तर जाऊन-येऊन ८०० किलोमीटर एका भरण्यात होतील.

आता बचत पाहू. लिटरमागे दोन रुपयांचा फरक धरला तर जादा ४५ लिटरवर वाचतात फक्त ९० रुपये. त्यासाठी नव्या टाकीचा आणि मजुरीचा खर्च. शिवाय लिटरला ९० रुपये धरले तर प्रत्येक वेळी सुमारे चार हजार रुपये टाकीत अडकून पडतात. म्हणजे केवळ स्वस्त डिझेलसाठी टाकी बसवत असाल, तर हिशेब बसायला फार काळ लागतो.

वजनही मोजा. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८३० ग्रॅम. जादा ४५ लिटरचे ३७ किलो झाले. मोठ्या टाकीचे आणि पट्ट्यांचे वजन धरले तर ५० किलोच्या आसपास. म्हणजे मोसंबीचे दोन क्रेट कमी भरायचे. ते कमी केले नाहीत, तर काट्यावर ओव्हरलोड दाखवेल.

टाकीच्या आत काय असते?

चांगल्या टाकीत मध्ये भोके असलेले आडवे पत्रे असतात. अर्धी भरलेली टाकी घेऊन ब्रेक मारला की डिझेल एकदम पुढे आदळते. हे पत्रे ती लाट मोडतात. ते नसतील तर टाकीचे जोड सैल होतात आणि वळणावर डिझेल एका बाजूला जाऊन इंजिन हवा ओढते. मग गाडी बंद पडते आणि चालक अंधारात एअर काढत बसतो.

टाकीला श्वास घ्यायलाही जागा लागते. डिझेल कमी होत जाते तशी बाहेरची हवा आत यावी लागते. ती नळी बुजली तर आत पोकळी तयार होऊन डिझेलचा पुरवठा तुटतो. टाकी काठोकाठ भरणेही बरे नव्हे. तापमान २५ अंशांनी वाढले तर १०० लिटर डिझेल फुगून सुमारे १०२ लिटर होते. जालन्याच्या उन्हाळ्यात हे सहज घडते. म्हणून वर थोडी जागा मोकळी ठेवतात.

काट्याचाही प्रश्न असतो. आतला तरंगता फ्लोट जुन्या टाकीच्या खोलीप्रमाणे बनवलेला असतो. टाकी खोल झाली की काटा खोटे सांगू लागतो. ‘अर्धी आहे’ म्हणत गाडी थांबते.

पत्रा कोणता, हेही विचारा. जस्ताचा मुलामा दिलेला गॅल्व्हनाइज्ड पत्रा डिझेलच्या टाकीसाठी टाळावा. जस्त आणि डिझेल यांच्यातील रासायनिक क्रियेतून तयार होणारे पदार्थ फिल्टर आणि नोझलमध्ये साचतात. कॉमन रेल इंजिनाचे नोझल फार बारीक असतात. तिथली दुरुस्ती टाकीपेक्षा महाग पडू शकते.

दोन टाक्या ठेवल्या तर?

जुनी टाकी तशीच ठेवून दुसरी जोडण्याचा पर्याय अनेकांना सोपा वाटतो. इथे एक चूक हमखास होते. डिझेल इंजिन ओढलेले सगळे डिझेल जाळत नाही. काही भाग परतीच्या नळीने टाकीत परत येतो. एका टाकीतून ओढायचे आणि परतीचे दुसऱ्या टाकीत सोडायचे, असे झाले तर एक टाकी रिकामी होते आणि दुसरी वाहू लागते. त्यामुळे ओढणारी आणि परतीची, दोन्ही नळ्या एकाच वेळी बदलणारा व्हॉल्व्ह लागतो.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

जुन्याच टाकीला कापून पत्रा जोडणे. ‘टाकी रिकामी आहे’ म्हणून वेल्डिंगची ठिणगी टाकली जाते. पण रिकाम्या टाकीच्या कोपऱ्यांत, जोडांत डिझेल चिकटून असते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते. बंद डब्यात वाफ, हवा आणि ठिणगी एकत्र आली की टाकी बॉम्बसारखी फुटते. पाण्याने एकदा धुतली म्हणून ती सुरक्षित होत नाही. वापरलेल्या टाकीला वेल्डिंग करूच नये, हा सरळ नियम. तिथे मालकाचे पैसे जात नाहीत, कामगाराचा जीव जातो.

नवी टाकी बसवतानाही ती सायलेन्सर, फिरता शाफ्ट आणि विजेच्या तारांपासून दूर हवी. खड्ड्यात खाली घासणार नाही, इतकी उंच हवी. पट्ट्याखाली रबर हवे. चेसिसला मनाप्रमाणे भोके पाडणे किंवा वेल्डिंग करणे टाळावे. तिथूनच चेसिसला चीर जाते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका कायम ठेवली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

‘आरसीवर टाकीचा रकाना कुठे आहे?’ असा युक्तिवाद केला जातो. पण आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन असते आणि ते बदलते. आठ वर्षांपुढील मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते. तिथे हा बदल नजरेत येऊ शकतो. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर विमा कंपनी नुकसानीच्या दाव्यावर आक्षेप घेऊ शकते, ते वेगळेच.

मग काय करावे?

- आपल्याच मॉडेलसाठी कंपनीची मोठी टाकी आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.
- काम सुरू करण्यापूर्वी आरटीओकडे लेखी अर्ज करा आणि उत्तर जपून ठेवा.
- विमा कंपनीला लेखी कळवा.
- बसवल्यानंतर पहिल्या दोन-तीन भरण्यांत काटा आणि प्रत्यक्ष लिटर जुळवून पाहा, गळती तपासा.
- फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला. नव्या टाकीतला कचरा तिथेच येतो.

आणि एवढे सगळे करण्याआधी एक साधा उपाय करून पाहा. टायरमधील हवा, एअर फिल्टर आणि नोझल तपासून घ्या. १२ चा ॲव्हरेज १३ झाला, तर त्याच टाकीत ४८ किलोमीटर जादा मिळतात. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.