आधी पुतळा, मग रुग्ण

विद्या हाताला चिकटली पाहिजे, केवळ ओठांवर राहून भागणार नाही, हा विचार बडोद्याला नवा नाही. महाराज सयाजीरावांनी १८९० मध्ये तेथे कलाभवन उघडले ते ह्याच हेतूने. पुढे १९४९ मध्ये त्या शहरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज सर सयाजीराव रुग्णालयाशी निगडित सरकारी संस्थेपासून वाघोडियाच्या बाजूला उभ्या राहिलेल्या खासगी विद्यापीठांपर्यंत अनेक ठिकाणी तेथे मुलेमुली परिचर्येचे शिक्षण घेत आहेत. ह्या विद्यार्थ्यांची रुग्णाशी होणारी पहिली गाठ आता जिवंत माणसाशी नसते, रबर आणि प्लास्टिकच्या पुतळ्याशी असते. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये लागू केलेल्या सुधारित पदवी अभ्यासक्रमात कौशल्य-प्रयोगशाळा आणि ‘सिम्युलेशन’, म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगाची हुबेहूब नक्कल उभी करून दिलेले शिक्षण, ह्यांना रीतसर स्थान मिळाले आहे. जे बडोद्याला लागू तेच बांबोळीला, रत्नागिरीला आणि मुंबईलाही लागू आहे. तेव्हा हा खटाटोप कशासाठी, आणि त्यात धोका कोठे आहे, ह्याचा विचार आपणही केला पाहिजे.

‘बाहुल्यांशी खेळून का कोठे नर्स होता येते?’ असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उलट प्रश्न विचारावा लागेल. आजवर विद्यार्थिनीने टोचलेली पहिली सुई कोणाच्या दंडात गेली? खासगी खोलीत पैसे मोजून राहणाऱ्या श्रीमंताच्या दंडात ती क्वचितच गेली असेल. ती गेली सरकारी इस्पितळाच्या सामान्य कक्षातील शेतमजुराच्या, मोलकरणीच्या, बेवारस म्हाताऱ्याच्या दंडात. शीर सापडेपर्यंत दोनदा, तीनदा टोचून घेण्याचे काम ह्या माणसांनी मुकाट्याने केले, कारण ‘नको’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. गरिबांच्या देहावर शिकायचे आणि ते कौशल्य घेऊन इतरत्र निघून जायचे, हा व्यवहार जगभर चालत आला. पहिली चूक पुतळ्यावर व्हावी, माणसावर नव्हे, ही म्हणूनच आमच्या मते न्यायाची बाब आहे. तिला चैन म्हणता येणार नाही.

ही कल्पना परकी आहे असेही समजण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्या’ म्हणजे सराव ह्या विषयाला एक स्वतंत्र अध्यायच दिलेला आहे. शास्त्र सगळे पाठ असले तरी ज्याने सराव केला नाही तो कर्माला अयोग्य, असा तेथील दंडक आहे. कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी ह्यांवर छेद घेण्याचा सराव करावा. पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर भेदाचा, कमळाच्या देठांवर शिरा टोचण्याचा, फणसासारख्या फळाच्या गरावर रुतलेली वस्तू बाहेर काढण्याचा. आणि पट्टी बांधण्याचा सराव माणसाच्या घडवलेल्या आकृतीवर करावा, असे तेथे सांगितले आहे. मल्लविद्येतही हेच दिसते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांबाला जो नवा जन्म दिला त्यातील तत्त्व साधे आहे. जो प्रतिस्पर्धी उलटून मारीत नाही आणि दमतही नाही, अशा खांबाशी आधी झुंजावे, मग हौद्यात उतरावे.

अर्वाचीन परिचर्येत ह्या तत्त्वाची सुरुवात १९११ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथील रुग्णालयात झाली. बाहुल्या बनविणाऱ्या मार्था चेस ह्या बाईंकडून तेथील परिचर्या विद्यालयाने माणसाएवढी एक बाहुली करून घेतली. ‘मिसेस चेस’ ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या बाहुलीला उचलून, कुशीवर वळवून, स्नान घालून विद्यार्थिनींच्या अनेक पिढ्या शिकल्या. १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी करणारे आस्मुंड लेरदाल ह्यांनी तोंडाने श्वास देण्याचा आणि छाती दाबण्याचा सराव करण्यासाठी ‘ॲन’ नावाचा पुतळा तयार केला. आजच्या पुतळ्यांची नाडी चालते, छाती हलते, रक्तदाब पडद्यावर खाली-वर होतो.

पण खरे शिक्षण पुतळ्यात नसून प्रसंगात असते. समजा, तासाभरापूर्वी बाळंत झालेली एक स्त्री खाटेवर आहे. रक्तस्राव थांबत नाही, नाडी जलद होत चालली आहे, रक्तदाब उतरतो आहे, आणि ‘मला गरगरतंय’ असे पुतळ्यातून कण्हत शब्द येतात. चार विद्यार्थिनी खोलीत आहेत. मदतीसाठी हाक कोण मारणार? गर्भाशय चोळून घट्ट कोण करणार? शिरेतून द्रव कोण सुरू करणार, ऑक्सिटोसिन कोण तयार ठेवणार? डॉक्टरांना मोजक्या शब्दांत स्थिती कोण सांगणार? पुस्तकात ह्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने छापलेली असतात. खोलीत मात्र सगळे एकाच वेळी घडते आणि हात थरथरतात. बंद पडलेले हृदय चालू करण्याचेही तसेच. मिनिटाला १०० ते १२० ह्या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल छाती दाबायची, हे वाक्य पाठ करण्यास क्षण पुरतो. ते दोन मिनिटे सलग करून पाहिल्यावरच त्यात किती दमछाक आहे हे कळते. चार वर्षांच्या शिक्षणात असा प्रसंग एखादीच्या वाट्याला प्रत्यक्षात एकदाही येणार नाही, आणि नोकरीच्या पहिल्याच रात्रपाळीत तो समोर उभा राहील. त्या रात्रीची तालीम आधी झालेली असावी, एवढेच येथे मागणे आहे.

प्रसंग संपल्यावर शिक्षिका विद्यार्थिनींना घेऊन बसते. काय घडले, कोणाच्या मनात तेव्हा काय आले, कोठे वेळ गेला, ह्याची शांतपणे उजळणी होते. जाणकार ह्या संभाषणालाच सर्वांत अधिक महत्त्व देतात. जिथे चूक कबूल करणाऱ्याला ओरडा बसतो तिथे चुका झाकल्या जातात, आणि रुग्णालयात झाकलेली चूक जिवावर बेतते. आपल्या शाळा-कॉलेजांतून रुजलेली धाकाची परंपरा ह्या खोलीच्या उंबरठ्याबाहेर ठेवावी लागेल.

अमेरिकेतील राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा संस्थांतील विद्यार्थ्यांचा २०११ पासून मागोवा घेऊन २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष रुग्णालयातील निम्म्यापर्यंत तास उत्तम प्रतीच्या सिम्युलेशनने भरून काढले तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत, असे त्यात आढळले. मात्र ‘उत्तम प्रतीच्या’ ह्या दोन शब्दांत सारे मर्म आहे. प्रशिक्षित शिक्षक, पुरेशी साधने आणि नीट आखलेली उजळणी तेथे होती. २०२० च्या साथीत रुग्णालयांचे दरवाजे विद्यार्थ्यांना बंद झाले तेव्हा आपल्याकडेही ह्या पद्धतीची गरज सर्वांना पटली. पण गरज पटणे वेगळे आणि व्यवस्था उभी करणे वेगळे.

धोका आहे तो येथेच. लाखो रुपयांचा पुतळा आणायचा, तपासणी पथकाला दाखवायचा आणि मग त्यावर प्लास्टिकचे आवरण घालून खोलीला कुलूप लावायचे, ही आपल्याकडची परिचित रीत आहे. त्याहून मोठा धोका असा की, ज्या संस्थेच्या रुग्णालयात खाटा आहेत पण रुग्ण नाहीत, तिला हा पुतळा पळवाट म्हणून सोयीचा वाटेल.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, औषध आणि रुग्ण ह्यांच्या बरोबरीने परिचारकाला स्थान दिले आणि त्याचे चार गुण सांगितले: उपचाराचे ज्ञान, दक्षता, शुचिता आणि रुग्णाविषयी अनुराग. पहिल्या तिन्हींची घडण पुतळ्यापाशी बरीचशी होऊ शकते. चौथा गुण मात्र पुतळा देऊ शकत नाही. वेदना होत नाहीत म्हणून तो सरावाला योग्य, आणि त्याच कारणाने तो अपुरा. मध्यरात्री ‘सिस्टर, मी वाचेन ना?’ असे विचारणाऱ्या माणसाचा हात हातात घेतल्यावर जे कळते ते जिवंत खाटेपाशीच कळते.

म्हणून सरकारने, विद्यापीठांनी आणि परिचर्या परिषदांनी तपासणीचे प्रश्नच बदलावेत. पुतळे किती आहेत हे न विचारता, प्रत्येक विद्यार्थ्याने त्यावर किती तास काम केले, उजळणी घेण्याचे शिक्षण किती शिक्षकांना मिळाले आणि त्यानंतर तो विद्यार्थी किती खऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेत राहिला, हे विचारावे. महागडे यंत्र नसले तरी अडू नये. इंजेक्शनचा पहिला सराव संत्र्यावर होतो, आणि रुग्णाची भूमिका एखादी सहाध्यायिनीही वठवू शकते. सुश्रुताच्या शिष्यांपाशी कलिंगड आणि कमळाचे देठच होते. पण त्यांचा गुरू जवळ उभा होता. आपल्या संस्थांना पुतळे विकत मिळतील. त्यांच्याजवळ उभे राहणारे शिक्षक घडविण्यावर पैसा खर्च करण्याची तयारी आहे काय, हे आता सांगावे लागेल.