अंगओलीवरचा वाल

रायगडात थंडीत शेंगांची पोपटी लावतात, तिच्या मडक्यात पाण्याचा थेंबही घालत नाहीत. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. शेंगा शिजतात त्या स्वतःच्याच वाफेवर. पण ही वाफ आली कुठून? रायगडात पाऊस ऑक्टोबरात आटोपतो, वाल पेरतात भात कापल्यावर आणि बहुतेक खाचरांत पुढे त्याला कुणी पाणी दाखवतही नाही. म्हणजे जानेवारीच्या जाळावर चक्क गेला पावसाळा उकळत असतो!

तो साठतो मातीत. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निचरून जातं. चिकणमातीच्या केसाहून बारीक पोकळ्यांतलं मात्र गुरुत्वाकर्षणालाही दाद देत नाही. हीच अंगओल. ती वरून सुकत खाली सरकते आणि वालाचं सोटमूळ तिच्या मागावर खोल जातं. पेरणी लांबवून चालत नाही ती यामुळेच. रुजण्याआधी दाणाच जवळजवळ आपल्या वजनाएवढं पाणी पितो, आणि तेवढं वरच्या थरात उरलेलं असावं लागतं.

मग भरपूर पाणी दिलं तर पीक दुप्पट येईल? उलटंच होतं. वालाच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. गंमत अशी, की हे काम करणारं विकर प्राणवायूने निकामी होतं आणि जिवाणूंना श्वासाला प्राणवायू तर हवाच! तोडगा म्हणून गाठीत चक्क आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंड असतं. ते प्राणवायू मोजूनमापून पोचवतं. गाठ कापल्यावर आत गुलाबी दिसली, की काम चालू आहे असं समजावं. शेतात पाणी तुंबलं तर हवाच मुळांपर्यंत पोचत नाही. आणि माती फार सुकली तरी गाठी मंदावतात, कित्येकदा पानं मलूल दिसण्याआधीच. मातीत ओल आणि हवा दोन्ही राहतील असा वाफसा टिकवणं ही खरी कसरत.

विहिरीला पाणी असेल, तर ते फुलोऱ्यासाठी आणि शेंगा भरण्यासाठी राखावं. त्या दिवसांत ताण बसला, तर झाड आधी फुलं गाळतं. लवकर आणि सढळ दिलेल्या पाण्याने मात्र वेलच माजतो. पाला दाट होतो, शेंगा मोजक्या.