सॉकेट जमलं तर पाय जमला

कृत्रिम पाय म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रबरी पाऊल येतं, नाहीतर गुडघ्याचा चकचकीत सांधा. पण पाऊल, सांधा, मधली नळी हे सगळं तयार मिळतं. माप कळवलं की येतं. तयार मिळत नाही ते सॉकेट. पाय कापल्यावर उरलेल्या भागाला या क्षेत्रात सगळे स्टंप म्हणतात. तो ज्या पोकळ कवचात बसतो ते सॉकेट. ते ज्याचं त्यालाच घडवावं लागतं. सॉकेट जमलं तर साधं पाऊलही माणसाला शेतावर नेऊन आणतं. बिघडलं तर लाखमोलाचा पाय पलंगाखाली जाऊन पडतो. ते जमवणं हे प्रोस्थेटिस्टचं काम.

गुडघ्याखाली पाय कापलेला रुग्ण समोर बसला आहे असं धरू. स्टंपवर पातळ मोजा चढवून तो ओला करतात आणि जांभळ्या पेन्सिलीनं त्यावर खुणा करतात: गुडघ्याची वाटी, वाटीखालचा जाड स्नायुबंध, नडगीची धार, बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाचं टोक. वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि त्या आवळेपर्यंत दोन्ही अंगठे वाटीच्या खाली दाबून धरायचे. साचा उतरवला की जांभळ्या खुणा त्याच्या आतल्या अंगाला उमटलेल्या दिसतात. त्यात प्लास्टर ओतलं की खुणांसकट स्टंपची प्रतिकृती हाती येते.

कसब लागतं ते यापुढे. प्रतिकृती जशीच्या तशी वापरून चालत नाही. जिथे शरीर भार सोसतं, म्हणजे वाटीखालच्या स्नायुबंधावर, तिथलं प्लास्टर कानशीनं घासून कमी करायचं, म्हणजे सॉकेट तिथे टेकेल. जिथे हाड कातडीला लागून आहे तिथे प्लास्टरचा थर चढवायचा, म्हणजे सॉकेट तिथे जागा सोडेल. सगळा खेळ काही मिलिमीटरचा. भार घेण्याची ही पद्धत अमेरिकेत बर्कलीच्या संशोधकांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस बांधली आणि ती आजही शिकवली जाते. आता स्कॅनर आले, संगणकावर साचा घडवता येतो. पण कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं हे ठरवणारा माणूसच लागतो.

मग पॉलिप्रॉपिलिनची पत्री ओव्हनमध्ये मऊ करून साच्यावर ओढायची, खाली नळी आणि पाऊल जोडायचं आणि रुग्णाला दोन समांतर दांड्यांमध्ये उभं करायचं. “काका, पूर्ण वजन टाका. बोचतंय कुठे?” काका संकोचानं नाही म्हणतात. मुरलेला प्रोस्थेटिस्ट त्या उत्तरावर थांबत नाही. पाय उतरवून कातडी बघतो. लाली दहा मिनिटांत ओसरली तर ठीक, नाही ओसरली तर सॉकेट परत वर्कशॉपमध्ये.

या कलेतलं आपलं मोठं योगदान म्हणजे जयपूर फूट. 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा, म्हणजे सगळ्यांचे मास्टरजी, आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ते घडवलं. तोवरचं पाश्चात्त्य पाऊल बुटात घालण्यासाठी केलेलं होतं. इथला माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, देवळाबाहेर चप्पल काढतो, चिखलात उतरतो. रबर आणि लाकूड वापरून त्यांनी यातलं सगळं जमेल असं पाऊल केलं. डॉ. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा भरतनाट्यम नाचल्या, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचलं.

व्यवसायाचा दुसरा अर्धा भाग ऑर्थोटिक्सचा: अवयव आहे, पण त्याला आधार हवा. एके काळी याचा अर्थ पोलिओग्रस्त मुलांसाठी लोखंड आणि चामड्याचे कॅलिपर असा होता. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. काम मात्र आटलं नाही. सेरेब्रल पाल्सीची मुलं, लकव्यानंतर पाऊल लोंबकळणारे रुग्ण, पाठीचा कणा वाकलेल्या मुली यांना ब्रेस लागतोच. जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळाचा पाय प्लास्टरनं सरळ होतो. पुढे पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास ब्रेस आणि नंतर साधारण चार वर्षांचं होईपर्यंत झोपेच्या वेळी. रडतंय म्हणून आईनं ब्रेस काढून ठेवला की पाऊल पुन्हा वळू लागतं. तिला हे पटवणं हाही कामाचाच भाग.

महाराष्ट्रात या विद्येची घरं जुनी आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी 1944 मध्ये पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर उभं राहिलं. पुढे तिथे नागरिकांनाही अवयव मिळू लागले. मुंबईत हाजी अलीला 1955 पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे आणि तिथे या विषयाची पदवी घेता येते. कोलकाता आणि कटकजवळच्या ओलतपूर इथल्या राष्ट्रीय संस्थांतही हे शिक्षण मिळतं. बारावी विज्ञाननंतर चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप. शरीररचनाशास्त्र शिकायचं, शरीरावर पडणाऱ्या बलांचं गणित सोडवायचं आणि वर्कशॉपमध्ये हात मळवायचे. डॉक्टर व्हायचं की इंजिनिअर या घरगुती वादात दोन्ही बाजू जिंकतात अशी ही एक जागा.

उणी बाजूही आहे. प्लास्टरची धूळ, रेझिनचा वास आणि सुरुवातीला बेताचाच पगार. वाटपाच्या शिबिरांत एका दिवसात ढीगभर पाय बसवायचे असतात. फोटो निघतात, मंडप उतरतो. पण स्टंप पहिल्या वर्षात बारीक होत जातो, सॉकेट सैल पडतं. वाढत्या मुलाला तर पाय पुन:पुन्हा बदलावा लागतो. त्यामुळे पाय देण्याइतकंच पुढे तो सांभाळून देणारं माणूस जवळ असणं मोलाचं. मधुमेहापायी आणि अपघातांत पाय गमावणारे तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांना दर दुरुस्तीसाठी मोठं शहर गाठावं लागू नये. जिल्हा रुग्णालयांत अशी वर्कशॉप उभी राहिली तर शिबिरांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक होईल.

या वाटेला जाऊ इच्छिणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे प्रवेश घेण्याआधी तपासावं; 1992 च्या कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. आणि परवानगी काढून एखाद्या वर्कशॉपमध्ये दिवसभर बसून पाहावं. संध्याकाळी निघताना पुढचा साचा उतरेपर्यंत थांबावंसं वाटलं, तर खुशाल अर्ज भरावा.