कर्मणी प्रयोगामागून येणारे विशेषण आणि 'कोणी?' हा प्रश्न

स्मरणिकेत व्याकरणावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आठवणी, मनोगते आणि अहवाल यांच्या पंक्तीत इंग्रजी कर्मणी प्रयोगाचे काय काम, असेही कोणी म्हणेल. आम्ही आपल्या या वसतिशाळेत इंग्रजी शिकवणारे शिक्षक. एका लहानशा वाक्यरचनेपाशी आमचे विद्यार्थी वर्षानुवर्षे अडखळत आले आहेत. तिचा उलगडा करता करता आमच्या ध्यानात आले की ही रचना परीक्षेपुरती शिकून सोडून देण्याजोगी नाही. माजी विद्यार्थ्यांना पुढील विवेचन उजळणीसारखे वाटेल, आणि पालकांना आपल्या पाल्याच्या वहीत काय चालले आहे याची कल्पना येईल.

उदाहरण आपल्या गावातलेच घेऊ. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून सूत हा या गावाच्या बोलण्यातला नित्याचा शब्द झाला आहे. 'कामगाराने सूत निळे रंगवले' हे वाक्य इंग्रजीत 'द वर्कर डाइड द यार्न ब्लू' असे होते. येथे 'ब्लू' हे विशेषण सुताचे आहे, कामगाराचे नव्हे. सूत रंगवण्याच्या क्रियेचा परिणाम ते सांगते. आता हेच वाक्य कर्मणी करू : 'द यार्न वॉज डाइड ब्लू'. कर्म उठून कर्त्याच्या जागी आले, क्रियापदाने रूप पालटले, पण 'ब्लू' मात्र होते तेथेच, क्रियापदाच्या मागे राहिले. आणि कामगार? तो वाक्यातून निघून गेला. ही झाली कर्मणी क्रियापदामागून विशेषण येण्याची रचना. व्याकरणाच्या भाषेत, कर्माचे पूरक असलेले विशेषण आता उद्देश्याचे पूरक झाले.

मराठीत असे विशेषण ओळखणे सोपे जाते, कारण ते नामाप्रमाणे बदलते. धागा निळा रंगवला, साडी निळी रंगवली, सूत निळे रंगवले. विशेषण कोणाचे हे त्याचे शेवटचे अक्षरच सांगते. इंग्रजी विशेषण लिंगवचनाने बदलत नाही. तेथे सर्व भार शब्दांच्या स्थानावर असतो, आणि म्हणूनच आपल्या मुलांची चूक होते. क्रियापदाच्या मागे आलेला शब्द क्रियाविशेषणच असणार, असे समजून ती त्याला 'ली' हा प्रत्यय जोडून मोकळी होतात. त्याने अर्थ किती पालटतो, हे एका जोडीवरून दिसेल. 'द बुक वॉज फाउंड ईझी' म्हणजे पुस्तक सोपे वाटले. 'द बुक वॉज फाउंड ईझिली' म्हणजे पुस्तक चटकन सापडले. पहिल्या वाक्यात पुस्तकाचा गुण सांगितला आहे, दुसऱ्यात शोधण्याची रीत. वर्गात आम्ही एक साधी कसोटी देतो : शेवटचा शब्द नामाविषयी बोलतो की क्रियेविषयी, हे आधी विचारा. नामाविषयी बोलत असेल तर 'ली' नको.

ही रचना घेणाऱ्या क्रियापदांचे तीन मुख्य वर्ग आम्ही पाडतो. पहिला वर्ग घडवण्याचा : रंगवणे, धुणे, करणे. येथे क्रियेमुळे वस्तूची अवस्था खरोखर पालटते. सूत आधी पांढरे होते, आता निळे झाले. दुसरा वर्ग ठेवण्या-सोडण्याचा. 'द डोअर वॉज लेफ्ट ओपन', म्हणजे दार उघडे टाकले गेले. येथे अवस्था नवी नाही. ती तशीच राहू दिली आहे. तिसरा वर्ग मानण्याचा, ठरवण्याचा आणि जाहीर करण्याचा : कन्सिडर, फाइंड, जज, कॉल, डिक्लेअर. 'ही वॉज फाउंड गिल्टी', तो दोषी ठरवला गेला. येथे वस्तूत किंवा माणसात काहीच पालटत नाही; पालटते ते त्याच्याविषयीचे दुसऱ्याचे मत. परीक्षार्थींनी एवढे लक्षात ठेवावे की 'कन्सिडर्ड'नंतर विशेषण थेट येते, 'रिगार्डेड'नंतर मात्र मध्ये 'अ‍ॅज' लागतो.

आमच्या मते या विषयाचे मर्म येथे आहे. तिन्ही वर्गांतील वाक्यांचा बाह्य साचा एकच आहे. 'वॉज डाइड ब्लू' आणि 'वॉज कन्सिडर्ड डल' ही वाक्ये कानाला सारखीच लागतात. सुताचा निळेपणा मात्र डोळ्यांनी पाहता येतो. मुलाचे मंदपण कोणी पाहिले? ते कोणाचे तरी मत आहे, आणि ते मत बाळगणारा वाक्यातून नाहीसा झाला आहे. मत देणारा गेला की मत हे वस्तुस्थितीसारखे दिसू लागते. मराठीत तर आपण याहून एक पाऊल पुढे जातो. 'ठरवला गेला' हे बोलताना जड वाटते म्हणून 'तो दोषी ठरला' म्हणतो. 'ठरवणे' या क्रियापदाला कर्ता तरी लागतो. 'ठरणे' तर जणू आपोआपच घडते.

याचा अर्थ कर्मणी प्रयोग वाईट आहे, असा नव्हे. न्यायालयात एखाद्याला दोषी ठरवले जाते, तेव्हा वाक्यात कर्ता नसला तरी निकालपत्रावर न्यायाधीशाची सही असते, पुरावा नोंदलेला असतो आणि वर अपील करता येते. कोणी ठरवले व कशावरून ठरवले, या दोन्ही प्रश्नांना तेथे उत्तर असते. अडचण ज्या वाक्यांना असे उत्तर नसते तेथे आहे. याची कबुली आम्हांलाही दिली पाहिजे. प्रगतिपुस्तकावर 'इंग्रजीत कच्चा' असा शेरा आम्हीही पूर्वी लिहीत असू. घरात पुस्तकाचे पहिलेच पान उघडणाऱ्या मुलाला तो शेरा जन्मखुणेसारखा चिकटे. पुढे आम्ही तो लिहिणे सोडले. अमुक महिन्यात, अमुक चाचणीत, अमुक दहा शब्द चुकले, असे लिहू लागलो. ते खरेही होते आणि दुरुस्त करण्याजोगेही.

या रचनेचे सर्वांत जड उदाहरण आपल्या समाजाच्या इतिहासातच आहे. 'दे वेअर कन्सिडर्ड अनटचेबल', म्हणजे ते अस्पृश्य मानले गेले. कोणी मानले? वाक्य सांगत नाही. त्यातले विशेषणही नीट पाहावे. 'वॉशेबल' म्हणजे धुता येण्याजोगे. त्याच साच्यातले 'अनटचेबल' म्हणजे स्पर्श करू नये असा. संस्कृतातही 'स्पृश्' धातूला 'य' हा प्रत्यय लागून 'स्पृश्य' होते, म्हणजे स्पर्श करण्यास योग्य, आणि 'अ' लागून त्याचा नकार होतो. ही घडण अशी आहे की दोष स्पर्श नाकारणाऱ्याकडे न जाता ज्याला तो नाकारला त्याच्याच अंगावर जातो.

म्हणूनच चळवळीने निवडलेले शब्द व्याकरणाच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 साली स्थापलेल्या मिशनच्या नावात 'डिप्रेस्ड' हा शब्द होता. त्याचा मूळ अर्थ खाली दाबलेला. आपल्याच हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे 21 व 22 मार्च 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली आणि राजर्षी शाहू महाराजांच्या उपस्थितीत जी परिषद भरली, ती बहिष्कृत वर्गाची परिषद म्हणून ओळखली जाते. पुढे बाबासाहेबांनी 1924 साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापली आणि 1927 साली 'बहिष्कृत भारत' हे पत्र काढले. बहिष्कृत, दलित, शोषित, वंचित ही सारी 'त' प्रत्ययाची कर्मणी विशेषणे आहेत. ती उच्चारताच 'कोणी?' हा प्रश्न उभा राहतो. बहिष्कार कोणी घातला? कोणी दडपले? 'अस्पृश्य' या शब्दात जो कर्ता पूर्ण लपला होता, त्याची पावले 'बहिष्कृत' या शब्दात स्पष्ट उमटलेली आहेत.

बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यांच्या मूळविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ते हाच प्रश्न इतिहासाला विचारतात. हे लोक मूळचे कोण होते आणि अस्पृश्य का बनले, असे त्या ग्रंथाचे नावच विचारते. तेथे त्यांनी योजलेला 'ब्रोकन मेन' हा शब्दप्रयोगही कर्मणी धातुसाधित विशेषणाचा आहे. अस्पृश्यतेचा उगम ते सुमारे इसवी सन 400च्या आसपास ठेवतात. ज्या गोष्टीला आरंभ आहे ती निसर्गाने दिलेली नव्हे, आणि तिचा अंतही करता येतो.

आता 'बॉर्न' या शब्दाकडे वळू. 'ही वॉज बॉर्न पुअर' हे रूपाने कर्मणी वाक्यच आहे. 'बॉर्न' हे 'बेअर' या क्रियापदाचे, म्हणजे वाहणे, सोसणे, प्रसवणे याचे रूप आहे. या वाक्यात लोपलेला कर्ता म्हणजे आई. येथील विशेषण जन्माच्या वेळची अवस्था सांगते. गरिबी ही अशी अवस्था असू शकते. अस्पृश्यता असू शकत नाही, कारण ती तिसऱ्या वर्गातली, म्हणजे इतरांच्या मानण्यातली गोष्ट आहे. 'जन्मतः अस्पृश्य' या शब्दांत एका वर्गातले विशेषण दुसऱ्या वर्गात नेऊन बसवले आहे.

29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत केले. तेच पुढे कलम 17 झाले. त्यानंतर अकराच दिवसांनी, 10 डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात 'बॉर्न'मागून 'फ्री' आणि 'ईक्वल' ही दोन विशेषणे येतात. त्या वाक्याचा आरंभ 'ऑल मेन' असा होऊ नये, 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' असा व्हावा, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला होता. कलम 17ची भाषा कर्मणी आहे. मग नष्ट कोणी केली? उत्तर संविधानाच्या उद्देशिकेत पहिल्याच शब्दांत आहे : आम्ही भारताचे लोक. तेथे वाक्य कर्तरी आहे, कर्ता अग्रभागी आहे, आणि त्या 'आम्ही'मध्ये आपणही आहोत.

शेवटी एक शब्द आपल्या रोजच्या वंदनेतला. 'बुध्' या धातूला तोच 'त' प्रत्यय लागून 'बुद्ध' हा शब्द झाला. घडण 'दलित'सारखीच, पण धातू जागे होण्याचा असल्यामुळे अर्थ कर्तरी आहे, जसा 'गत' म्हणजे गेलेला. बुद्ध म्हणजे जागा झालेला. इंग्रजीत 'द अवेकन्ड वन' म्हटले की दुसऱ्या कोणी जागे केल्याचा भास होतो; मुळात तसे नाही. याच तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की केवळ परंपरेने चालत आले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून पाहा.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे. आपल्या घरातील मुलांविषयी 'मंद समजला जातो', 'कमी मानली जाते' असे काही कानावर आले, तर ते वाक्य कर्तरी करून पाहावे. कोणी समजले आणि कशावरून, हे विचारावे. उत्तर मिळाले तर त्यावर काम करता येईल. न मिळाले तर ते विशेषण त्या मुलाचे नव्हे, असे निःशंकपणे समजावे आणि त्यालाही तसे सांगावे.