बालप्रवाशांच्या सुरक्षेत कायद्याच्या ‘किंवा’ची मेख

बंगळुरू : राजाजीनगरातील कॉर्ड रस्त्याची कोंडी मागे टाकून तुमकुरू रस्त्याला लागले, की तोच राष्ट्रीय महामार्ग ४८ हुबळी, बेळगावमार्गे कोल्हापूर-पुण्याकडे जातो. सुटीत गावी निघालेल्या मराठी कुटुंबांची ही नेहमीची वाट. सामान डिकीत घट्ट बसवले जाते. दीड-दोन वर्षांचे मूल मात्र बहुधा आईच्या मांडीवर असते. शहरातल्या संथ वेगात त्यात कोणाला धोका वाटत नाही.

हिशेब वेगळे सांगतो. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार धडकेत दशांश सेकंदात थांबली, तर १२ किलोच्या मुलाला रोखण्यासाठी सुमारे १३५ किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. थांबण्याचा अवधी तोच धरला, तर ताशी ८० किलोमीटरला ते दुप्पट होते. कोणत्याही आईबापाच्या हातांत एवढी ताकद नसते. दोघांभोवती एकच पट्टा बांधणे तर अधिक घातक, कारण पट्टा आणि मोठ्या माणसाचे शरीर यांच्यामध्ये मूल चिरडले जाते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब नुसार, १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा किंवा बालआसनाने सुरक्षित न केल्यास एक हजार रुपये दंड आहे. मेख त्या ‘किंवा’त आहे. प्रौढांचा पट्टा खांदा आणि कंबरेच्या हाडावर बसावा अशा बेताने बनवलेला असतो. लहान मुलाच्या बाबतीत तो गळ्यावर आणि पोटावर येतो. दंड टळतो, इजा टळत नाही.

पुढचे आसन तर मुलांसाठी नव्हेच. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतील वाशी येथे पुढे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा, अपघातानंतर उघडलेल्या एअरबॅगच्या आघाताने मृत्यू झाला. डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगणारी ही पिशवी प्रौढ देहाचा अंदाज धरून घडवलेली असते.

तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. त्यामुळे त्याचे बालआसन मागच्या सीटवर, मुलाचे तोंड गाडीच्या मागील बाजूस येईल असे बसवतात. संयुक्त राष्ट्रांचा आर-१२९ हा नियम किमान १५ महिन्यांपर्यंत हीच दिशा बंधनकारक करतो. पुढे आसन बदलताना वयापेक्षा मुलाची उंची आणि वजन पाहावे लागते. अपघातात सापडलेले आसन वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. जुने विकत घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

मोटारींना सुरक्षेचे तारे देणारी ‘भारत एनकॅप’ चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तीत बालसुरक्षेचे गुण वेगळे मोजले जातात. त्यासाठी दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे वापरतात, आणि ते बालआसनात बांधलेले असतात. जाहिरातीतले पाच तारे मांडीवरच्या मुलाला लागू होत नाहीत.